कांद्याच्या उन्हाळ्यातली जपानी गाडी

चैत्र सरत आला की मंचरच्या पुढे गाडीची काच खाली घ्यावी लागत नाही. कांदा बंद काचेतूनही आत येतो. उपटून शेतात पडलेला, माना मुरगळलेला, उन्हानं तापलेला कांदा. माझ्या नवऱ्याला त्या वासानं शिंका येतात. मला मात्र बोटांत बारीक थरथर जाणवते. लोक म्हणतील, बाईला माहेर आठवलं. माहेर आठवतंच, पण थरथर त्याची नाही. ती व्हिडिओ गेमच्या रिमोटची आहे. पडद्यावरची गाडी भिंतीला धडकली की तो रिमोट हातात गुरगुरायचा, आणि त्या एका उन्हाळ्यात मी ती गाडी इतक्यांदा धडकवली की बोटं अजून विसरायला तयार नाहीत.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट असेल. मी बारावीची परीक्षा देऊन महाळुंगे पडवळला घरी बसले होते. बसले होते म्हणायला फक्त. सकाळी उन्हं चढेस्तोवर बायकांच्या ओळीत बसून कांदा कापायचा, बोटांना काळा चिकट थर चढायचा, मग घरी येऊन भाकरी, भांडी. दुपारी बाहेर पाऊल ठेवण्यासारखं ऊन नसायचं. कांदा साठवायच्या बराकीच्या सावलीत शेळ्या जिभा काढून पडायच्या. भारनियमनाचे दिवस, वीज कधी दिवसा, कधी रात्री. दिवसा असली की सगळं घर कामाला लागायचं. मोटर चालू, पिठाची गिरणी चालू, आणि आमच्या माजघरात टीव्ही चालू. टीव्ही कोणी लावायचा यावरून भांडायला घरात कोणी उरलं नव्हतं. आधी भांडायचा तो दादा. पण त्या वर्षी दादा भांडत नव्हता.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. आमचा ट्रॅक्टर तोच चालवायचा, आमच्या रानात आणि अर्ध्या गावाच्याही. नांगरट असो, रोटर मारणं असो, लोक नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारायचेच नाहीत. थेट दादाला हाक. तो ट्रॅक्टरवर बसला की मान जरा वाकडी करून बसायचा, जसा काही कोणी फोटो काढतंय. मी त्याची नक्कल करून त्याला लई चिडवायची.

मार्गशीर्षात कांद्याच्या लागणीसाठी तो ओढ्याकडंचं रान तयार करत होता. रान अजून ओलं होतं. नांगराच्या शेवटच्या तासाला बांधाशी येऊन ट्रॅक्टर वळायचा, तो वळलाच नाही. सरळ बांध फोडून ओढ्यात गेला आणि कुशीवर पडला. दादाचं मांडीचं हाड मोडलं. बाजूला फेकला गेला म्हणून जीव वाचला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो जे बोलला तेच पुढे दोन महिने येईल त्याला सांगत राहिला, "मी वळवला व्हता. त्यो वळलाच न्हाई."

कोणी खरं मानलं नाही. स्टेअरिंग तपासलं तर ते चांगलं फिरत होतं. मग ट्रॅक्टर वळणार कसा नाही? लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण घराबाहेर पडता पडता नानांना म्हणायचे, "डोळा लागला आसंल पोराचा." नाना मान हलवायचे. पुढे पुढे तेच सांगू लागले, "डोळा लागला त्याचा." मी कोणत्याच बाजूची नव्हते. अठरा वर्षांची होते, माझ्या डोक्यात निकाल होता.

होळीपर्यंत हाड जुळलं. कुबड्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल कामाला लागा. पण दादा कॉटवरून उठून ओट्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. सायकललाही हात लावायचा नाही. 'मी वळवला होता' हे सांगणंही त्यानं सोडून दिलं होतं. लोकांचं ऐकून ऐकून त्यालाच वाटायला लागलं होतं की खरंच डोळा लागला असेल, आपल्याच हातांचा आता भरवसा नाही. शेजाऱ्यांनी साखळी लावून ओढून आणलेला ट्रॅक्टर घरामागं ताडपत्रीखाली उभा होता. एक दिवस जेवताना नाना म्हणाले, "ट्रॅक्टरला आळे गावचं गिऱ्हाईक हाय. कांदा आवरला की येऊन बघून जातो म्हणलाय." दादा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "बरं." फक्त बरं. ज्यानं आपल्या ट्रॅक्टरवर कावळा बसला तरी दगड मारला असता, तो बरं म्हणतो. आई त्या रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. मला म्हणाली, "वैशे, ओझरच्या गणपतीला नवस बोलले मी. पोरगं उठून परत ट्रॅक्टरवर बसलं की पायी येऊन नारळ फोडीन." तिला ट्रॅक्टरचं काही नव्हतं. पंचवीस वर्षांचा मुलगा घरात म्हाताऱ्यासारखा बसलेला तिला बघवत नव्हता.

आता देव कोणत्या वाटेनं येतो ते बघा. आमचा मामेभाऊ शशी पिंपरीला कंपनीत होता. तिथं आलेल्या एका जपानी साहेबानं परत जाताना आपला व्हिडिओ गेम शशीला देऊन टाकला. शशी त्यात इतका रमला की वहिनींनी एक दिवस दारात उभं राहून सांगितलं, एक तर हा डबा राहील नाही तर मी. शशीनं डबा आमच्याकडं आणून टाकला. म्हणाला, "संसार टिकवायचाय, आत्या. ठेवा तुमी." सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर होता, कारण जपानच्या वस्तूंना आपली वीज झेपत नाही म्हणे. तो तापून घूं घूं करायचा. त्याच्या उबेला आमची मांजर कायमची येऊन बसली. चित्र आमच्या टीव्हीवर काळं-पांढरंच यायचं. रंगीत टीव्ही आहे म्हणून वर्षभर मिरवलं होतं, आणि जपानी गाड्या करड्या. अक्षरं सगळी जपानी, त्यातलं एकही ओळखीचं नाही. पण गाडी धावायची. मी हरखून गेले.

मी गाडी चालवायची म्हणजे भिंतीकडून भिंतीकडं जायची. दादा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. तीन-चार दुपारी त्यानं नुसते धडकल्याचे आवाज ऐकले. मग एकदा तोंड न फिरवता म्हणाला, "वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा आसतो, येडे." मी म्हटलं, "मग ये की तू." तो म्हणाला, "मी न्हाई धरणार." पण कुशीवर वळला. तोंड टीव्हीकडं केलं. एवढ्यानंच आईनं दारातून माझ्याकडं असं पाहिलं, की मी त्या दिवसापासून भांडी घासली नाहीत. कामच ते होतं माझं, दुपारी गाडी धडकवायची.

मी शशीनं निवडून ठेवलेली पांढरी गाडी चालवायची. ती जोर मागच्या चाकांनी लावायची. वळणातून बाहेर पडताना जोरात दाबलं की आतल्या बाजूचं मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं, धूर निघायचा आणि गाडी तिथंच. बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढे. रोज तेच. मी वैतागून गाडीच्या दुरुस्तीच्या पानावर गेले आणि दिसेल ते बटण दाबत सुटले. एका चित्रापाशी दादा एकदम म्हणाला, "थांब. मागं घे." चित्रात एक आडवा दांडा, दोन टोकांना दोन चाकं आणि मध्ये एक गोळा. खाली तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आकडा. दादा कॉटवर उठून बसला. "हे डिफ्रन्शल हाय."

मग त्यानं मला ते समजावून सांगितलं. किती तरी दिवसांनी तो एका दमात इतकं बोलत होता. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबची वाट असते, आतल्याला जवळची. दोन्ही एकाच वेगानं फिरली तर गाडी वळायची नाही. म्हणून मधला तो गोळा दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो. आई कांद्याच्या पाटीतले दुभळके, म्हणजे जोडकांदे, वेगळे काढत बसली होती. ती म्हणाली, "मळणीच्या बैलांवानी." माझ्या आजोळी खळ्यावर मळणी व्हायची तेव्हा ती बैलांमागं चालायची. "खांबाजवळचा म्हातारा बैल जागच्या जागी फिरतो, आन कडंचा पळतो. दोघांस्नी सारखं पाऊल टाकाय लावलं तर मळणी मोडंल." दादा म्हणाला, "बराबर." मला तर तेव्हाच कळलं. पुढे शिकताना कोणी इतकं नीट सांगितलं नाही.

"पण या गोळ्याची एक खोड हाय," दादा सांगू लागला. एक चाक घसरायला लागलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्यालाच जाते आणि दुसरं बिचारं उभं राहतं. म्हणून ट्रॅक्टरला टाचेजवळ एक पेडल असतं, लॉकचं. चिखलात एक चाक फिरायला लागलं की टाचेनं ते दाबायचं, दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. टाच काढली की पेडल वर येतं, चाकं पुन्हा मोकळी होतात. या जपानी गाडीत मात्र पेडल नव्हतं. किती बांधायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. अर्धवट बांधलेली चाकं. दादाला ते इतकं आवडलं की तो उठून टीव्हीपाशी येऊन बसला. रिमोट घेतला नाही. मी चालवायची, त्यानं जुळवायचं, असं आमचं ठरलं.

तीन पट्ट्यांना आम्ही आमची नावं ठेवली. पहिली म्हणजे जू. ती वाढवली की चाकं कायमच एकमेकांना धरून असायची. दुसरी म्हणजे चढ, कारण ती जोर लावतानाच बांधायची. तिसरी उतार. पाय उचलला, ब्रेक मारला, की ती कामाला यायची. ही सगळी शोधाशोध आम्ही धडकून धडकून केली. चढ फार कमी ठेवला तर आतलं चाक धूर काढायचं. फार वाढवला तर दोन्ही चाकं मिळून सुटायची आणि गाडीची शेपटी अशी फिरायची की मी आल्या वाटेकडं तोंड करून उभी. उतार कमी केला तर ब्रेक मारताच गाडी मागून हलायची, दादा म्हणायचा, "माळशेजच्या घाटात आशी हलली तर खालीच." वाढवला तर शांत राहायची, पण वळणात नाक आत घ्यायची नाही. एकेक आकडा हलवायचा, एक फेरी मारायची, दादा विचारायचा, "आता कुठं वडती?" मी म्हणायची, बाहेर. तो एक आकडा कमी करायचा. निम्म्या शर्यतीत वीज जायची, ट्रान्सफॉर्मर गप्प व्हायचा, मांजर उठून अंग ताणायची, आणि आम्ही दोघं काळ्या टीव्हीकडं बघत पुढचा आकडा कोणता यावर भांडायचो. भांडायचो म्हणजे काय, ते आईला विचारा. ती चुलीपाशी बसून हसायची.

आज माझ्या घरी सगळं सुखाचं आहे. गाडी आहे, वातानुकूलित खोली आहे. पण कोणी माझ्यावर इतकं बारीक लक्ष ठेवून 'आता कुठं ओढते' असं विचारलंय, असा दुसरा उन्हाळा मला आठवत नाही. या सगळ्यातून संसाराबद्दल काहीतरी शहाणपण काढायचा मला अनेकदा मोह होतो. किती बांधायचं, किती मोकळं सोडायचं वगैरे. दादा म्हणतो, डिफ्रन्शल म्हणजे डिफ्रन्शल, गप बस.

बराक अर्ध्याच्या वर भरली. आळ्याच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला, येत्या आठवड्यात येतो. दादा पुन्हा बरं म्हणाला. दुपारी आम्ही डोंगरातल्या ओल्या रस्त्याची शर्यत लावली होती. पाणी साचलेला रस्ता, गाडी बर्फावर चालल्यासारखी निसटत होती. कोणताच आकडा जमेना. दादा म्हणाला, "आपण येडे हाय. चिखलात काय करतो आपण? लॉक लावतो." आणि त्यानं तिन्ही पट्ट्या टोकाला नेल्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्याशिवाय हे कोणाला सुचलं नसतं. तिथं लॉक म्हणजे सुटका, त्याला वाईट असं काही असतं हे कोणाच्या मनातही येत नाही.

गाडी सुटली ती रेषेवरून चालल्यासारखी. चाकं घसरेनात, गाडी हलेना. आम्ही दोघंही खूश. मग पहिलं मोठं वळण आलं. मी वेग कमी केला, सगळं दादानं शिकवल्यासारखं केलं, रिमोटची दांडी पूर्ण वळवली. पुढची चाकं पडद्यावर आडवी झालेली दिसत होती. आणि गाडी सरळ गेली, कठडा फोडून. माझ्या हातात रिमोट गुरगुरला. मी चिडून म्हणाले, "मी वळवली रे. ती वळलीच नाही."

 मी वळून पाहिलं तर दादाचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मला कळलं की मी काय बोलले.

त्यानं हात पुढे केला. मी रिमोट त्याच्या हातात दिला. त्या डब्याला त्यानं पहिल्यांदा हात लावला. त्यानं तीच शर्यत लावली, त्याच वळणावर गेला, दांडी वळवली, गाडी सरळ. पट्ट्या शून्यावर आणल्या, तेच वळण, गाडी वळली. पुन्हा टोकाला नेल्या, सरळ. तो हेच करत राहिला. आई हातातलं काम टाकून उभी होती. शेवटी त्यानं रिमोट खाली ठेवला आणि मला म्हणाला, "नानांना बोलव."

नाना डोक्याला टॉवेल गुंडाळून शेतातून आले, त्यांना वाटलं कोणी पडलं. दादा त्यांना म्हणाला, "त्या दिशी चिखलात लॉक दाबलं व्हतं मी. टाच काढली. पण पेडल वर आलं का, ते बघितलं न्हाई. कोण बघतं?" नाना एकदा त्याच्याकडं आणि एकदा टीव्हीवरच्या करड्या गाडीकडं बघत राहिले. मग घरामागं गेले. आम्ही सगळे मागून.

नानांनी ताडपत्री ओढली. टाचेजवळ, पायाच्या पाट्याखाली, ओढ्याचा चिखल वाळून दगड झाला होता. त्यात ते पेडल खाली दाबलेलंच होतं. नानांनी हातानं उचलून पाहिलं. उचलेना. स्क्रू-ड्रायव्हरनं चिखल टोकरून काढला तेव्हा आत तुटलेली स्प्रिंग दिसली. मार्गशीर्षापासून ते लॉक तसंच लागलेलं होतं आणि तो ट्रॅक्टर आमच्या घरामागं सगळं माहीत असल्यासारखा उभा होता. नाना म्हणाले, "वडत आणताना वळणाला लई जड जात व्हता. मला वाटलं, चाक वाकलं." मग ते तिथंच उकिडवे बसले. पेडलावरचा हात काढला नाही. वर न बघताच म्हणाले, "तू वळवला व्हतास." दादा म्हणाला, "व्हय." दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही पेडलाकडंच बघत होते. आई मात्र सरळ रडली, पदर बिदर न लावता. मीही रडले. मला लपवायची काही गरज वाटत नाही.

नानांनी पुढचे दोन दिवस जे केलं त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानत आले. हा माणूस कधी कोणाला खुलासा द्यायचा नाही. पण आधी ज्याच्या ज्याच्याकडं 'डोळा लागला त्याचा' म्हणाले होते, त्या प्रत्येकाच्या दारात ते स्वतः गेले. कोणी चहाला बसा म्हटलं तर बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगायचे, "लॉक आडाकलं व्हतं. पोराची चूक न्हाई. मीच चुकीचं बोललो." आळ्याच्या पाव्हण्याला निरोप गेला, येऊ नका. कळंबचा मेकॅनिक नवी स्प्रिंग घालून गेला. ती स्प्रिंग बोटाएवढी होती.

दर वर्षी कांद्याचा वास आला की मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानते. डबा देऊन टाकणाऱ्या त्या जपानी साहेबाचे, ज्याचं नाव मला माहीत नाही. शशीच्या बायकोचे, तिच्या रागाचे. गेममधली वाक्यं न कळणाऱ्या लिपीत होती त्याचे, कारण कळली असती तर आम्ही वाचून मोकळे झालो असतो, धडकलो नसतो. ज्या दुपारी वीज होती त्या दुपारचे. आई उन्हातान्हात खरंच पायी ओझरला गेली आणि नारळ फोडून आली. तिच्या हिशेबात हे सगळं गणपतीनं केलं. मी वाद घालत नाही.

कांदा उचलल्यावर ओढ्याकडंचं रान नांगरायला काढलं. दादा ट्रॅक्टरवर चढला, मी बांधावरून पाहत होते. कांद्याच्या राहिलेल्या पाटीभोवतीच्या बायकांनी काम सोडून माना वर केल्या. पहिलं तास तो ओढ्याकडं गेला, अगदी हळू. बांधाशी जाऊन खाली वाकून त्यानं टाचेजवळ पाहिलं, मग स्टेअरिंग वळवलं. ट्रॅक्टर वळला. माघारी आल्यावर त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि आमच्याकडं पाहिलं. नाना पुढे झाले. कधी ट्रॅक्टरवर न बसणारा तो माणूस धोतर सावरत वर चढला आणि पुढच्या तासाला दादाशेजारी मडगार्डवर बसून गेला, ट्रॅक्टर ओढ्यात ज्या कुशीवर पडला होता त्या बाजूच्या मडगार्डवर.